‘आय-फाइव्ह’ आहे, पण कितव्या पिढीचा?

प्रश्न : मुलगी बी.कॉम.ला आहे. टॅली, एक्सेल आणि ऑनलाइन लेक्चर, एवढंच काम. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात ‘आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, एसएसडी, नवा सेट’ १५ हजारांना सांगितला. घ्यावा का? (डोंबिवलीहून एक वाचक)

उत्तर : थांबा. आधी कोटेशनवर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्या. आय५-३४७० असेल तर तो तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा. या भावात बहुधा असाच माल मिळतो. प्रोसेसर जुन्या संगणकातून काढलेला असतो. एच६१ बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर प्रोसेसर आणि रॅम बसतात) आणि कॅबिनेट कोरं, म्हणून सेट ‘नवा’. त्याची डीडीआर३ या जुन्या प्रकारची रॅम पुढे आजच्या बोर्डावर बसणार नाही. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुलीला तीन वर्षं वापरायचा संगणक असा घेऊ नका.

पैसे वाढवून आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड घ्या. प्रोसेसरला चार कोअर, आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामं हाताळायची सोय. टॅली-एक्सेलला पुरून उरतात. मात्र नंबराच्या शेवटी ‘एफ’ नको. १२१००एफमध्ये ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीन काळीच राहते. एच६१० बोर्ड डीडीआर४ चाही मिळतो आणि डीडीआर५ चाही, तेव्हा रॅम बोर्ड पाहूनच घ्यायची. बजेट ताणलं जात असेल तर सध्या ८ जीबीची एकच पट्टी लावा, दुसरा स्लॉट रिकामा ठेवा. एसएसडी मात्र पहिल्या दिवसापासून हवी.

काटकसर एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात, करू नका. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ‘४५०’ (वॅट) छापलेलं असतं. बाजूचं लेबल वाचा : +१२ व्होल्टच्या खाली १६ अँपिअर असेल, तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅटच. प्रोसेसर चालतो तो याच लाइनवर. हलका एसएमपीएस जळताना कधी कधी बोर्डही घेऊन जातो. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवतो, असं प्रमाणपत्र असलेला) घ्या. बिल जीएसटीचंच मागा आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तोच कामाला येतो.

प्रश्न : घरी असेंबल केला. पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. (गिरगावातून)

उत्तर : बहुतेक वेळा प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची पॉवर केबल लावायची राहिलेली असते. २४ पिनांच्या केबलवर पंखे फिरतात, म्हणून फसायला होतं. ती लावलेली असेल तर प्लग काढून रॅमची पट्टी उपसा. सोनेरी पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसा (मुंबईच्या दमट हवेत त्या लवकर काळवंडतात) आणि क्लिप ‘टक्’ वाजेपर्यंत दाबून बसवा. मॉनिटरची केबल बोर्डाच्या (वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर कार्डाच्या) पोर्टला आहे ना, तेही बघा. एवढं करूनही अंधारच असेल, तर बोर्ड उचलून खालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसतो ते छोटे खुंट, मोजा. बोर्डाला भोक नाही तिथे एखादा राहिला असेल तर तो शॉर्ट करतो. तो काढल्याशिवाय पुन्हा स्विच लावू नका.