जुलैमध्ये आई-बाबांना घेऊन अर्जेंटिनातल्या उशुआयाला जावं का? तिथे तेव्हा हिवाळा असतो आणि आमच्यात कोणालाच स्कीइंग येत नाही.

जा, नक्की जा. फक्त घरी आधीच सांगून ठेवा की मॅगेलॅनिक पेंग्विन दिसणार नाहीत आणि अंटार्क्टिकाची क्रूझही नसेल. हे पेंग्विन एप्रिलच्या सुमारास निघून जातात ते सप्टेंबर-ऑक्टोबरात परत येतात, आणि अंटार्क्टिकाच्या बोटींचा सीझन साधारण नोव्हेंबर ते मार्च. आपल्याकडे उशुआयाचे जे फोटो फिरतात ते बहुतेक याच दोन गोष्टींचे, त्यामुळे हिवाळ्यात गेलेली माणसं हिरमुसतात. जुलैत तिथे जायचं ते बर्फासाठी आणि उजेडासाठी.

उजेडाचं म्हणाल तर गाव जवळजवळ ५५ अंश दक्षिणेला आहे, म्हणून जुलैच्या सुरुवातीला दिवस जेमतेम सात-साडेसात तासांचा असतो, दहाच्या सुमारास उजाडतं आणि सव्वापाचपर्यंत सूर्य गेलेला असतो. भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून १२-१३ अंशच वर येतो, म्हणजे दिवसभर आपल्याकडचं संध्याकाळचं तिरकं ऊन, डोंगरांवरचा बर्फ दुपारी एक वाजताही पिवळसर-गुलाबी दिसतो. मला तर सगळ्या ट्रिपमध्ये हेच सगळ्यात जास्त आवडलं. पण म्हणूनच एका दिवसात एकच मोठी गोष्ट ठेवा, सकाळी आठला निघायचे प्लॅन नकोत, तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो.

थंडी लोक समजतात तशी उणे तीसवाली नाही, समुद्र शेजारीच असल्याने पारा शून्याच्या वर-खाली घुटमळतो. त्रास वाऱ्याचा आणि निसरड्या फुटपाथचा. सान मार्तीन या मेन रोडपासून वर जाणारे रस्ते चांगलेच चढाचे आहेत आणि त्यावर बर्फ गोठलेला असतो, त्यामुळे आई-बाबांसाठी हॉटेल खालच्या बाजूलाच बघा आणि बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे घ्याच, यात कंजुषी नको.

स्कीइंग येत नाही याचं टेन्शन घेऊ नका. सेर्रो कास्तोर हा स्कीचा डोंगर गावापासून साधारण २६ किमीवर आहे, तिथे नवशिक्यांसाठी क्लास असतात. पण तुमच्यासारख्यांना त्याच वाटेवरची तिएरा मायोरची दरी जास्त आवडेल, कुत्र्यांच्या गाड्या, स्नोमोबाईल, किंवा रुंद स्नोशूज बांधून लेंगा नावाच्या तिथल्या झाडांच्या जंगलात चालणं. लेंगाची पानं हिवाळ्यात गळलेली असतात, त्यामुळे लांबपर्यंत आरपार दिसतं.

बीगल चॅनेल म्हणजे गावासमोरची समुद्राची खाडी, तिथली बोट हिवाळ्यातही चालते, वारा फार असला तर रद्द होते म्हणून ती पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ठेवा, म्हणजे हातात दिवस उरतात. सी लायन आणि पाणकावळे बाराही महिने असतात. हे पाणकावळे काळे-पांढरे आणि ताठ उभे, बोटीवर कोणी ना कोणी हमखास "पेंग्विन, पेंग्विन" ओरडतंच.

जुना तुरुंग मात्र चुकवू नका. गावाची स्थापना १८८४ ची, पण ते वाढलं ते कैद्यांच्या हातून. रस्ते, इमारती, रेल्वे, बरंचसं त्यांनीच बांधलंय. तुरुंग १९४७ मध्ये बंद झाला, आता म्युझियम आहे आणि त्याचा एक विभाग मुद्दाम जसाच्या तसा ठेवलाय, रंग नाही, हीटिंग नाही. जॅकेट घालूनही त्या कोठड्यांत पाच मिनिटं उभं राहवत नाही, आणि ती माणसं तिथे वर्षानुवर्षं राहिली. नंतर त्यांच्याच मार्गावरच्या छोट्या टुरिस्ट ट्रेनने नॅशनल पार्कात जा. वाटेत तोडलेल्या झाडांचे बुंधे दिसतात, काही बुटके तर काही चांगले उंच. उंच आहेत ते हिवाळ्यात तोडलेले, कारण कैदी साचलेल्या बर्फावर उभे राहून करवत चालवायचे. उन्हाळ्यात हे नुसतं ऐकायचं, जुलैत तिथे बर्फात उभं राहिलं की कळतं.

जेवणाचं, शाकाहारी असाल तर मक्याचे एम्पानादा (आपल्या करंजीसारखे), पिझ्झा, पास्ता, भाजलेलं प्रोव्होलेता चीज, एवढं मिळतंच. खाणारे असाल तर सेंतोया म्हणजे तिथला मोठा खेकडा खाच. रेस्टॉरंटात रात्री आठच्या आधी जेवण मिळणं अवघड, आई-बाबांसाठी खोलीत काहीतरी ठेवा.

आता बुकिंगचं. आंतरराष्ट्रीय विमान ब्युनोस आयर्सला एसेइसा एअरपोर्टवर उतरतं आणि उशुआयाची बरीच विमानं शहरातल्या आएरोपार्केवरून सुटतात, दोन्ही एअरपोर्ट एकमेकांपासून लांब आहेत म्हणून मध्ये एक रात्र तिथे राहिलेलं बरं. जुलैत अर्जेंटिनातल्या शाळांनाही हिवाळी सुट्टी असते, त्या आठवड्यांत गर्दी आणि भाव दोन्ही चढे, तारखा बघून त्या टाळा. व्हिसासाठी मुंबईत त्यांचं कॉन्सुलेट आहे, नियम तिथूनच बघून घ्या. आणि यलो फिवरची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या, भारतात परत येताना एअरपोर्टवर तिचं सर्टिफिकेट मागतात. आई-बाबा साठीच्या पुढचे असतील तर लस घेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, त्या वयात ती सरसकट देत नाहीत, म्हणून हे काम तिकिटांच्याही आधी करा.