जुन्या धाटणीचा सुपरहिरो टेबलटॉप गेम चालवायचा आहे. तयारीसाठी कोणती कॉमिक्स वाचू?

तुम्ही लिहिलंय की मित्र जमलेत, नियमांचं पुस्तक हाताशी आहे, १९६०-७० च्या कॉमिक्ससारखा गेम खेळवायचाय, पण गोष्टी सुचत नाहीत. मी सोलापुरात सहा वर्षं दर रविवारी असाच गेम चालवतोय, म्हणजे मी गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक नायक होऊन खेळतात, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. माझं सांगणं एवढंच, की थोडं वाचा पण हातात पेन्सिल घेऊन वाचा. आणि कुणाकडे कोणती शक्ती आहे ते टिपू नका. त्या माणसाच्या मागे काय लचांड लागलंय, ते टिपा.

मी सुरुवातीला उलटं केलं होतं. वहीभर शक्ती उतरवून काढल्या, खलनायकांचे तक्ते केले. तिसऱ्या रविवारपर्यंत टेबलावर नुसते फासे पडत होते, कुणालाच कुणाची काळजी नव्हती.

मग 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ३३ वा अंक नीट वाचला. १९६६ चा, चित्रं स्टीव्ह डिटकोची. पीटर, म्हणजेच स्पायडर-मॅन, एका अजस्र यंत्राखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय, आणि मे काकूचा जीव वाचवणारं औषध समोरच पडलंय, पण हात पोचत नाही. अंकाची पहिली काही पानं फक्त एवढंच घडतं. तो जोर लावतो, हरतो, काका-काकू आठवतात, पुन्हा जोर लावतो. शेवटी पानभर एकच चित्र येतं, यंत्र वर उचललेलं. हे वाचलं तेव्हा कळलं की अशा प्रसंगी एकदाच फासा टाकायला सांगणं म्हणजे सगळा प्रसंग वाया घालवणं. तीनदा टाकायला सांगा, आणि प्रत्येक वेळी आधी विचारा, "आत्ता तुझ्या डोळ्यांसमोर कोण आहे?" आमच्या टेबलावर हा प्रश्न विचारला की सगळे गप्प होतात.

दुसरं, 'फँटॅस्टिक फोर'चे ४८ ते ५० हे तीन अंक, तेही १९६६ चेच, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचे. पृथ्वी गिळायला आलेल्या गॅलॅक्टसची गोष्ट म्हणून ते प्रसिद्ध आहेत. पण बांधणी बघा. ४८ व्या अंकाच्या सुरुवातीला आधीचीच गोष्ट संपत असते. ५० व्यात गॅलॅक्टस अंकाच्या मध्येच निघून जातो आणि चौघा नायकांपैकी जॉनी कॉलेजला जायला लागतो! जुन्या कॉमिक्सची खरी चव मला इथे सापडते. जगबुडी टळली तरी उद्या वर्ग आहेच. म्हणून आमचा रविवार कधीही गोष्टीच्या शेवटाशी संपत नाही, नव्या गोष्टीचं एक टोक हातात देऊनच संपतो.

हे वाचून झालं की नियमांकडे वळा, ते वेगळेच दिसतील. १९८४ च्या 'मार्व्हल सुपर हीरोज' या गेममध्ये कर्माचे गुण असतात. चांगलं वागलात तर मिळतात, फासा कमी पडला तर खर्चता येतात, आणि नायकाने कुणाचा जीव घेतला तर सगळे जातात. १९८१ च्या 'चॅम्पियन्स'मध्ये नायकाच्या मागे शत्रू किंवा सांभाळायचं माणूस लावून घेतलं की शक्तीसाठी जास्त गुण मिळतात. दोन्ही नियम सरळ कॉमिक्सच्या पानांतून उचललेले आहेत.

आणि मराठीतलं वाचायचं तर इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ, म्हणजे जंगलात राहणारा फँटम, सोडू नका. मालिका १९६४ साली सुरू झाली, १९९० मध्ये थांबली. जुने अंक रद्दीच्या दुकानांत अजून कधीमधी हाती लागतात. वेताळ स्वतःबद्दल फारसं बोलत नाही. त्याच्याबद्दल जंगल बोलतं, 'जुनी म्हण आहे' असं म्हणत. मी ते जसंच्या तसं घेतलं. आमच्या गेममधलं सोलापूर १९७२ चं आहे, आणि नायकाबद्दल चहाच्या गाड्यावरची माणसं म्हणतात, "भोंग्याआधी जो जागा असतो, त्याला गिरणीच ओळखते."

आमचा खलनायक जॅकार्डच्या मागावरच्या, चादरीची नक्षी ठरवणाऱ्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांमधून निरोप पाठवतो. चादरीवर उमटलेली नक्षी ज्याला वाचता येते, त्यालाच निरोप कळतो. नायक साखर पेठेतल्या विणकर घरातला, घरात तेलुगू बोलणारा. तो ते वाचू शकतो, कारण आजीने त्याला मागावर बसवून शिकवलंय.

गेल्या वर्षी गेममध्ये गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, खेळलो. नायक जिवलग मित्राच्या शब्दाखातर बाराबंदी घालून नंदीध्वज, म्हणजे यात्रेतली मानाची उंच काठी, पेलायला उभा होता. काठी कमरेच्या पट्ट्यात, तोल दोन्ही हातांत, भोवती हर्र बोला हर्रचा गजर. तेवढ्यात समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर त्याला निरोप दिसला. मी विचारलं, "काय करतोस?" खेळणारा बराच वेळ फासे मुठीत धरून बसला. मग म्हणाला, "काठी नाही सोडणार. पुढचा माणूस ती नीट पेलेपर्यंत नाही." खलनायक निसटला. त्याचा माग आम्ही अजून काढतोय.