पायथन बसवले, पण विंडोज ओळखत नाही

प्रश्न : लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा व्यवस्थित बसवली. तरीही कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) पायथनची जोड-पॅकेजेस बसवणारी ‘पिप’ ही आज्ञा ओळखता येत नाही असा संदेश येतो आणि ‘पायथन’ लिहिले की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते. पुन्हा बसवूनही फरक पडला नाही. काय करावे?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : पायथन आपल्या लॅपटॉपवर बहुधा आहेच, ते कुठे आहे एवढेच विंडोजला ठाऊक नाही. आज्ञा टंकल्यावर कमांड प्रॉम्प्ट सगळी डिस्क धुंडाळत नाही, तर चालू फोल्डर आणि त्यानंतर ‘पाथ’ या यादीत नोंदवलेले फोल्डर तेवढे पाहतो. नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर तळाशी पायथन पाथमध्ये घालण्याचा चौकोन असतो. तो मुळात रिकामा असल्यामुळे घाईने ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतो, आणि त्याच घाईने पुन्हा बसवले तर पुन्हा सुटतो.

स्टोअरचे कोडे वेगळे आहे. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने ‘पायथन’ याच नावाची एक नाममात्र फाइल दिली असून, स्टोअरकडे पाठवणे एवढेच तिचे काम आहे. सोय म्हणून दिलेल्या या फाइलने नवशिक्यांचा गोंधळच अधिक वाढवला आहे.

प्रथम ‘पी’ आणि ‘वाय’ ही दोनच इंग्रजी अक्षरे टंकून पाहा. पायथन सुरू करून देणारा हा लाँचर सहसा विंडोजच्या फोल्डरातच बसत असल्याने पाथशिवायही चालतो. तो चालला, तर पायथन शाबूत आहे. मग इन्स्टॉलर पुन्हा उघडून ‘मॉडिफाय’ निवडावे आणि पुढच्या पडद्यावर पायथन ‘एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स’मध्ये, म्हणजेच पाथमध्ये, घालण्याच्या पर्यायावर खूण करावी. पाथ हाताने भरायचा असेल, तर पायथनचा मुख्य फोल्डर आणि त्यातील ‘स्क्रिप्ट्स’ हा उपफोल्डर असे दोन्ही नोंदवावेत. ‘पिप’ दुसऱ्यात असते, आणि अनेक जण पहिल्यावरच थांबतात. यासाठी ‘सेटएक्स’ ही आज्ञा मात्र टाळावी, कारण ती १०२४ अक्षरांपुढचा मजकूर छाटून टाकते आणि लांबलचक पाथ कायमचा बिघडतो.

बदल केल्यावर कमांड प्रॉम्प्टची खिडकी बंद करून नवी उघडावी, कारण उघड्या खिडकीकडे जुन्याच यादीची प्रत असते. त्यानंतर पायथन कोणत्या फोल्डरांत सापडते ते दाखवणारी ‘व्हेअर पायथन’ ही आज्ञा द्यावी. पहिल्या ओळीत ‘विंडोजॲप्स’ फोल्डर दिसला, तर स्टोअरकडे पाठवणारी ती नाममात्र फाइलच आधी सापडते आहे; अशा वेळी सेटिंग्जमधील ‘ॲप एक्झिक्यूशन एलियसेस’मध्ये जाऊन पायथनच्या नावाची बटणे बंद करावीत.