देव मानत नाही, तरी मिन्यानला दहावा मीच

प्रश्न : ताई, मी भायखळ्यात वाढलेला बेने इस्राएल, म्हणजे मूळ कोकणातला मराठी ज्यू, आता तिशीला आलोय. देव मी मानत नाही, कॉलेजपासूनच नाही. शनिवारी ऑफिस असेल तर जातो, ज्यूंना वर्ज्य असलेली कोळंबी बिनधास्त खातो (बाहेर, आईसमोर हिंमत नाही). पण शनिवारी सकाळी काकांचा फोन आला, 'अरे नऊच जण झालेत, पटकन ये', की मी टोपी घालून सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनास्थळात) हजर. नवीन घर घेतलं तेव्हा मलिदा (आमचा शुभप्रसंगीचा विधी) पण केला आणि खरं सांगतो, मला फार आवडला. माझी गर्लफ्रेंड हिंदू आहे, ती म्हणते देव मानत नाहीस तर ज्यू कसला, तू तर सरळ मराठीच. इस्राएलमधला चुलतभाऊ म्हणतो इकडे माझ्यासारखे ढिगाने आहेत, टेन्शन घेऊ नको. मी स्वतःला कल्चरल ज्यू म्हटलं तर चालेल का, की हे नुसतं ढोंग?

उत्तर : ढोंग कसलं आलंय त्यात. आधी काकांचंच घेऊ (शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, खरं तर फोन लावायचा नसतो, तो फिरवून मिन्यान जमवतात म्हणजे तेही काही कमी नाहीत, पण ते असो). मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या गणसंख्येला, दहा पुरुष लागतात, तेरा वर्षांच्या वरचे, त्याशिवाय कद्दिश (गेलेल्यांसाठीही म्हणतात ती प्रार्थना) म्हणता येत नाही की सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, काढून वाचता येत नाही. तू आत शिरतोस तेव्हा कोणी विचारतं का, बाबा रे तुझा विश्वास आहे का? आई ज्यू, तेरा पूर्ण, झालं, दहावा आला, चला सुरू करा. आणि मी, जी लहानपणापासून रोज मनापासून शेमा ही आपली मुख्य प्रार्थना म्हणत आलेय, ती समोर उभी राहिले तरी काका नऊच मोजणार. यावर मला बरंच बोलायचंय पण तो विषय वेगळा आणि संपादक जागा देणार नाहीत.

सांगायचं काय, तर आपला धर्माचा कायदाच मुळात माणूस जन्मावरून मोजतो, श्रद्धेवरून नाही. म्हणजे तू नास्तिक झालास म्हणून कट्टरातला कट्टर रब्बीसुद्धा (धर्मगुरू) तुला बिगर-ज्यू म्हणणार नाही, फार तर वाया गेलेला ज्यू म्हणेल.

फक्त दुसरा धर्म घेतलास की गणित बदलतं. ऑस्वाल्ड रूफाइसेन नावाचा पोलंडचा माणूस होता, जन्माने ज्यू. नाझींच्या काळात मीर गावात आपली ओळख लपवून पोलिसांकडे दुभाष्याचं काम केलं आणि तिथल्या ज्यूंना आधीच खबर देऊन शेकडो जीव वाचवले, पुढे लपलेला असताना कॅथलिक झाला आणि नंतर पाद्री, ब्रदर डॅनियल. त्याने इस्राएलकडे ज्यू म्हणून नागरिकत्व मागितलं, म्हणाला माझा धर्म ख्रिस्ती पण माझे लोक ज्यू. 1962 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. गंमत अशी की धर्माच्या कायद्याने तो ज्यूच होता हे कोर्टालाही मान्य होतं, तरी साध्या लोकांच्या भाषेत चर्चमधल्या पाद्र्याला कोणी ज्यू म्हणत नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढे त्याला नागरिकत्व मिळालं ते इतर परदेशी माणसाला मिळतं तसं. म्हणजे एकही देव न मानणारा चालतो, दुसऱ्याचा मानणारा चालत नाही. मला स्वतःला तो निकाल कधीच पूर्ण पटला नाही, पण समजतो.

आणि विश्वास असून काय होतं ते आपल्या लोकांना विचार. कोकणात पिढ्यान्पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक आपल्याला शनवार तेली म्हणायचे, सुंता पाळली, शेमा पाळला, आणि त्याच आपल्या माणसांना इस्राएलला गेल्यावर 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बिनेटने (रब्बींच्या सरकारी मंडळाने) लग्नाच्या वेळी आई, आजी, पणजी कोण ते तपासा असा फतवा काढला. लोक रस्त्यावर उतरले, मोर्चे झाले, 1964 मध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला की हे सगळ्या बाबतीत ज्यू आहेत. तिथेही श्रद्धेचा प्रश्न कोणी विचारला नव्हता बरं का, वंशावळीचाच.

आता तुझा 'कल्चरल' शब्द. अमेरिकेत हा सर्रास चालतो, प्यू या संशोधन संस्थेच्या 2020 च्या सर्व्हेत तिथले 27 टक्के प्रौढ ज्यू धर्म कुठलाच नाही म्हणाले आणि तरी ज्यूच म्हणवतात. तेल अवीवमध्ये योम किप्पूरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उपासाच्या दिवशी, उपास न धरणारी पोरं रिकाम्या हायवेवर सायकली घेऊन फिरतात, गाडी मात्र कोणी काढत नाही. तिकडे भाषा, सुट्ट्या, कॅलेंडर सगळंच ज्यू, त्यामुळे माणूस काही न करताही ज्यू राहतो. तुझा भाऊ म्हणतो ते तिथे बसून बरोबरच आहे.

मुंबईत तसं होत नाही रे. 1950 च्या आसपास देशात वीस हजारांच्या वर होतो, आता चार-पाच हजार, त्यातले बरेचसे मुंबई-ठाण्यात. इथे काही न करता ज्यू राहायची सोय नाही. तुला आवडलेला तो मलिदाच बघ ना, गोड पोहे, खोबरं, वेलची, फळं, याहून कोकणी काय असणार? पण ताट तसंच उचलून खात नाहीत, आधी एलियाहू हनाबीचं (प्रेषित एलियाचं) गाणं, मग खजुराला एक ब्राखा, म्हणजे खाण्याआधीचं स्तुतीचं वाक्य, केळ्याला दुसरी, कारण केळं झाडाचं फळ धरत नाहीत, जमिनीचं धरतात. जेरुसलेमचं मंदिर पाडलं त्याच्या शोकाचा उपास आणि त्याच्याशी जोडलेलं वालाचं बिरडं, यात धर्म कुठे संपतो आणि संस्कृती कुठे सुरू होते ते मला तरी सांगता येणार नाही. कल्चरल म्हण, खुशाल म्हण, पण तुझं कल्चर हजानच्या (सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्याच्या) पाठांतरावर आणि काकांच्या फोनवर चाललंय एवढं ध्यानात ठेव. विश्वास ठेवणारे संपले तर न ठेवणाऱ्यांनाही जायला जागा उरणार नाही. म्हणून म्हणते, ती ब्राखा तू पाठ कर, विश्वास नसला तरी. गणपती आणणारे किती नास्तिक तुझ्याच बिल्डिंगमध्ये असतील, आरती त्यांना तोंडपाठ असते.

गर्लफ्रेंडला सांग की मराठी आणि ज्यू यात एक निवडायची गरज आपल्याला कधी पडलीच नाही, आपल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात बायबलच्या गोष्टींवर मराठी कीर्तनं केलीत आणि इस्राएलला गेल्यावरही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलंय. सरकारी फॉर्मवर मात्र धर्माच्या रकान्यातच ज्यू लिहावं लागतं, 2016 पासून महाराष्ट्रात आपण अल्पसंख्याक आहोत ते धर्म म्हणूनच, कल्चरलचा रकाना नाही.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण ती येणारच. तुम्ही लग्न केलंत तर मुलं इथल्या सिनेगॉगच्या हिशोबात ज्यू धरली जाणार नाहीत, कारण आईवरून ठरतं, आणि तुझा मुलगा तेरा वर्षांचा झाला तरी काका त्याला दहावा म्हणून बोलावणार नाहीत. इस्राएलचा 1970 चा कायदा त्याला तिथे राहायला येऊ देईल, ज्यू म्हणून नोंद करणार नाही. तिने धर्म बदलावा असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण दोघं यावर आत्ताच नीट बोला, मूल झाल्यावर आठव्या दिवशी तुझी आई ब्रित मिलाचं (सुंतेच्या विधीचं) विचारेल तेव्हा नको.