प्रश्न : मुंबईत वापरायला सेकंड हँड पोर्शे केमन एस घ्यायची आहे. 2008 ची स्वस्त मिळतेय, 2010 ची (पीडीके म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, 35,000 किमी) महाग. कोणती घ्यावी?

2010 ची घ्या. फरक इंजिनाचा आहे. 2009 च्या आधीच्या 3.4 लिटर इंजिनाला दोन दुखणी आहेत : आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) आणि सिलिंडरच्या भिंतीवर पडणारे ओरखडे. बेअरिंग गेलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ (टायमिंग) सुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. 2008 च्या गाडीतलं मोठं बेअरिंग जास्त टिकतं खरं, पण इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय ते बदलता येत नाही. 2009 पासूनच्या इंजिनात हा मधला शाफ्टच नाही.

तरीही मन 2008 वरच असेल, तर इंजिन गरम झाल्यावर आयडलला (गाडी जागेवर उभी, इंजिन चालू) टकटक येते का ऐका, ऑइल किती पितं ते विचारा आणि कॅमेऱ्याने सिलिंडर तपासून घ्या. स्पार्क प्लगच्या भोकातून वरचाच भाग नीट दिसतो. ओरखडे बऱ्याचदा खाली असतात, म्हणून संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) काढून खालूनही बघायला लावा. मालक याला नाही म्हणाला तर सौदा सोडा.

2010 च्या गाडीत 35,000 किमी ऐकून हुरळून जाऊ नका. मुंबईच्या दमट हवेत उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त त्रास देते. पुढच्या बंपरच्या जाळीमागे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर असतात. तिथे पाला आणि चिखल साचतो, पावसाळाभर ओला राहतो आणि रेडिएटर-कंडेन्सरच्या जाळ्या कुजतात. बंपर उतरवूनच बघा, टॉर्च मारून कळत नाही. कार्पेट उचलून ओल आणि सीटच्या रेल्सवरचा गंज पाहा. पाण्यात बुडालेली गाडी तिथे उघडी पडते. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा : 2317 म्हणजे 2017 चा 23 वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी इतका जुना टायर बदलायचाच, आणि चार टायरचे पैसे भावातून कापा.

मीटरची खात्री स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचणारं यंत्र) होते. इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये चाललेले तास असतात. किलोमीटरला तासांनी भागा. सरासरी ताशी 10 च्या आसपास आली तर मीटर मागे फिरवल्याची शंका घ्या. नुसत्या ट्रॅफिकनेही ती खाली येते, म्हणून सर्व्हिसच्या बिलांवरचे आकडे जुळवा.

शेवटी आरसी. 2010 च्या गाडीच्या नोंदणीची 15 वर्षं 2025 मध्ये भरली. फिटनेस, पर्यावरण कर भरून नूतनीकरण झालंय का ते बघा. नसेल तर विकणाऱ्याकडूनच करून घ्या. नंबर परराज्यातला असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स, गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म 35, हे हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.