बुरशीच्या आधी यीस्ट पोचलं पाहिजे

तोडलेली फळं सडू नयेत म्हणून तुम्ही ती यीस्टच्या द्रावणात बुडवली, तरीही सडली म्हणता; यात यीस्टचा दोष कमी आणि वेळेचा जास्त. हे औषध नाही, जागा अडवणारा पाहुणा आहे. तोडताना देठापाशी नखाएवढी खरचट पडते, तिथे साखरेचा रस पाझरतो आणि पेनिसिलियम या फळं सडवणाऱ्या बुरशीचे बीजाणू नेमके तिथेच रुजतात. कॅन्डिडा ओलिओफिला किंवा मेट्श्निकोविया यांसारखं यीस्ट आधी पोचलं तर तो रस फस्त करतं, बुरशी उपाशी राहते. मेट्श्निकोविया तर बुरशीला लागणारं लोहसुद्धा ओढून घेतं. त्यामुळेच प्रयोगशाळेच्या बशीत त्याच्याभोवती लालसर वलय दिसतं, बघण्यासारखं असतं!

म्हणून तोडणीनंतर काही तासांतच फळं बुडवा. बुरशी आत शिरली की काही उपयोग नाही. द्रावणात मिलिलिटरला साधारण १ ते १० कोटी जिवंत पेशी लागतात. क्लोरीनचं पाणी वापरू नका, मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि मेलेलं यीस्ट फळांना चोपडत बसलो. सोबत थोडं कॅल्शियम क्लोराईड घातलं तर बऱ्याचदा जोर वाढतो. शीतगृह मात्र सोडू नका. आणि हो, पावाचं यीस्ट इथे चालवू नका.