पोलीस-लष्कर भरतीची तयारी करणाऱ्या, दिवाळीला गावी निघालेल्या मुलास

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

गावी निघताना तू विचारलेस की, यंदा फराळाला हातच लावायचा नाही असे ठरवले तर चालेल का. मैदानावर हातात शिट्टी असताना अशा प्रश्नाचे धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्र. असे ठरवायला माझी हरकत नाही. पण तो निश्चय टिकणार नाही आणि मोडेल तेव्हा एका चकलीवर थांबणार नाही.

भरतीची तयारी करत असताना मीही घरात सगळ्यांसमोर अशीच घोषणा केली होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सगळे झोपल्यावर फडताळातला चिवड्याचा डबा खाली काढला. पत्र्याच्या डब्याचे झाकण घट्ट बसलेले असते. ते चमच्याच्या दांड्याने, आवाज न होऊ देता उचकटण्यातच माझा सारा संयम खर्ची पडला. अंधारात, उभ्याने, मूठमूठ करत किती खाल्ले याचा हिशेब राहिला नाही. सकाळी आईने डबा उचलला, तो हलका लागला, तेव्हा तिने माझ्याकडे नुसते पाहिले.

म्हणून सांगतो, फराळ सोडू नकोस. तो ताटलीत वाढून घे, बसून खा आणि घरच्यांबरोबर खा. पूर्वी बऱ्याच घरांत देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत फराळाला शिवू देत नसत, आणि नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकल्यावर प्रत्येकापुढे आईने वाढलेली ताटली येत असे. त्या शिस्तीत वाट पाहणे होते आणि माप होते. आता वसुबारसेच्या आठवडाभर आधीच डबे उघडतात. गोड आणि खारे आलटून पालटून समोर आले की पोट भरल्यावरही जीभ थांबत नाही, कारण एका चवीचा कंटाळा आला तरी दुसरीची ओढ ताजीच असते. लाडवानंतर चिवडा आणि चिवड्यानंतर पुन्हा करंजी, हे चक्र तुला ठाऊकच आहे. ताटली एकदाच वाढून घेतली, की ते चक्र आपोआप तुटते.

आता थोडा हिशेब. बेसनाचा मध्यम लाडू 40 ग्रॅमचा धरला, तर त्यात साधारण 12 ते 13 ग्रॅम साखर असते, म्हणजे दोन लाडवांत 25 ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये वरून घातलेल्या साखरेची जी मर्यादा सांगितली, ती दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्यासाठी सुमारे 50 ग्रॅम येते आणि जमल्यास ती निम्म्यावर आणावी असेही तिचे म्हणणे आहे. एवढ्यावरून लाडवाला घाबरू नकोस. मला भीती आहे ती सुट्टीत गावोगावी होणाऱ्या टेनिस बॉलच्या सामन्यांची, किंबहुना सामन्यानंतरच्या चायनीजच्या गाडीची आणि थंड पेयाच्या बाटलीची. अशा 300 मिलिलिटर पेयात 30 ग्रॅमहून अधिक साखर सहज असते, आणि ती प्यायल्याने भूक भागल्याचे जाणवतही नाही. मैदानावर जाताना घरून पाण्याची बाटली आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे ने. तहान भागलेली असली की गाडीवरच्या वासाचा जोर बराच ओसरतो. रात्री पत्ते खेळत जागलास, तर दुसऱ्या दिवशी भूक नेहमीपेक्षा जास्त लागेल, हेही ध्यानात असू दे.

भाऊबीजेला बहिणीने आग्रह केला तर नाही म्हणू नकोस. एक करंजी सावकाश खा आणि ती कुरकुरीत झाल्याचे मनापासून सांग. वाढणाऱ्याला पुष्कळदा तेवढेच हवे असते.

परत आल्यावर वजन किलोभर वाढलेले दिसेल. त्यातले बरेचसे पाणीच असते, कारण शरीरात साठणाऱ्या पिष्टाबरोबर आणि खारट खाण्याबरोबर पाणी धरून ठेवले जाते. ते उतरवण्यासाठी दोन दिवस उपाशी राहून 1600 मीटर धावायला उतरणारी मुले मी चक्कर येऊन बसलेली पाहिली आहेत. तू पहिल्या दिवसापासून नेहमीची भाकरी, डाळ आणि अंडी सुरू कर.

खरी कसोटी परतीच्या पिशवीत असते. आई दोन-तीन किलोंचा डबा देईलच, आणि तो खाटेखाली राहिला तर रोज रात्री अभ्यासाच्या वेळी तुला हाक मारील. पोहोचल्या संध्याकाळीच तो खोलीतल्या सगळ्यांत मधोमध उघडून ठेव. आठ जण असल्यावर सकाळपर्यंत डबा धुऊन पालथा पडलेला असेल.

सोमवारी पहाटे साडेपाचला मैदानावर भेटू. तुझ्या आईच्या हातचे अनारसे चांगले होतात असे तूच सांगितले आहेस. त्यातले दोन माझ्यासाठी डब्याबाहेर वेगळे बांधून आण, नाहीतर त्या आठ जणांतून ते माझ्यापर्यंत पोहोचायचे नाहीत.

तुझा,
सर